ज्ञात वजनाची व्यक्ती

शेवटच्या साध्या दिवशी घरात भांडण झालं ते चहावरून. बाबांचं म्हणणं, साखर रोजच्यापेक्षा कमी पडलीय. लेकीचं म्हणणं, साखर रोजच्याइतकीच आहे, जिभेचं वय झालंय. बाबा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. जगातल्या प्रत्येक वस्तूवर संशय घेणं हा त्यांचा पेशा होता, पण त्या संशयाच्या यादीत त्यांची स्वतःची जीभ येत नव्हती. त्यांनी कप खाली ठेवला, हत्यारांची पिशवी उचलली आणि चपला घातल्या.

"कुठे?" लेकीने पुस्तकातून मान वर न करता विचारलं.

"शाळेत जाऊन येतो."

"आता आणखी काय शिल्लक राहिलंय तिथे?"

"जरा बघून येतो."

ते जेवायच्या वेळेआधी परत आले. हात धुताना उजव्या हाताचा अंगठा बराच वेळ साबणाने घासत राहिले. जेवताना त्यांनी शाळेतल्या वजनकाट्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, हे खरं तर चिंता करण्यासारखं लक्षण होतं. पण गेले कित्येक आठवडे त्या काट्याशिवाय घरात दुसरा विषय नव्हता, त्यामुळे लेकीला ते शांततेचं लक्षण वाटलं. संध्याकाळी त्यांनी तिला दिवा जवळ ओढून वाच म्हणून सांगितलं. तिने हो म्हटलं आणि दिवा होता तिथेच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहात मुद्दाम साखर जास्त घातली. तो चहा तसाच राहिला.

पण ते शाळेत कशाला गेले होते हे सांगायचं, तर दुधापासून सुरुवात करायला हवी.

मंदी आली तेव्हा ती सगळ्या घरांत एकाच दाराने आली नाही. कारखाना बंद पडला तसे त्यातले लोक दिवसभर कट्ट्यावर दिसू लागले. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे नवं शिवायला कोणी येईना. जुने कोट उलटे करून शिवून द्या म्हणणारे तेवढे येत. लेक ज्या वाचनालयात ग्रंथपाल होती ते सरकारने एक दिवसाआड बंद ठेवायला सुरुवात केली. लोकांना काम नाही म्हणजे वाचायला वेळ जास्त, तेव्हा वाचनालय दुप्पट वेळ उघडं ठेवावं असं एखाद्या भोळ्या माणसाला वाटलं असतं. सरकारात भोळी माणसं नसतात.

मुलांसाठी मात्र सरकारने योजना काढली. ज्या मुलाचं वजन ठरलेल्या रेषेच्या खाली असेल, त्याला शाळेत रोज पेलाभर दूध आणि दोन बिस्किटं. मिळणार शाळेतच, म्हणजे मूल शाळेत येईल, आणि आलंच आहे तर चार अक्षरंही शिकेल. योजना चांगली होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तसं म्हणायला सवड मिळेल की नाही, शंका आहे.

तिच्यात खोट एवढीच होती, की दूध प्यायलेलं मूल वजनाने वाढतं. वाढलं की ते रेषेच्या वर जातं. वर गेलं की त्याचं दूध बंद. दूध बंद झालं की ते पुन्हा खाली येतं, आणि मग पुन्हा दूध सुरू. मुलांना जगवायचं, पण वाढू द्यायचं नाही, अशा बेताने कोणीतरी खूप विचार करून ती रेषा मारली होती. इतर शाळांतली मुलं त्या रेषेवरून लंबकासारखी खालीवर होत होती.

गल्लीतल्या शाळेत मात्र असं काही होत नव्हतं. तिथली मुलं महिनोन्महिने दूध पीत होती, त्यांचे गाल भरत चालले होते, तरी वजनाच्या दिवशी सगळी रेषेच्या खालीच. याचं कारण शाळेचा काटा. रेल्वेच्या एका बंद पडलेल्या पार्सल ऑफिसातून तो शाळेकडे आला होता. उभं राहायला लोखंडी पाट, वर आडवी दांडी आणि दांडीवर सरकवायचं वजन. गंज, धूळ आणि म्हातारपण यांनी तो इतका मवाळ झाला होता, की वर कोणीही उभं राहिलं तरी त्याचा भार तो कमीच सांगे. मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, हे माहीत होतं का? त्यांनी कधी चौकशी केली नव्हती. आणि ज्याची चौकशी झालेली नाही ते माहीत नसतं, असं सरकारी कामकाजाचं तत्त्वच आहे.

या सुखी शाळेत बाबा शिरले.

बाबांना गल्ली 'ग्रॅमकाका' म्हणायची, अर्थात पाठीमागे. नोकरीभर त्यांनी दुकानांचे काटे तपासले, पारड्याखाली मेणाचे गोळे चिकटवणारे दुकानदार पकडले, मापांची बूडं ठोकून पाहिली. नाक्यावरच्या वाण्याचा काटा तर त्यांनी तीनदा जप्त केला होता. निवृत्त झाल्यावरही ते वाण्याकडे गेले की आधी काट्याकडे बघत आणि मग वाण्याकडे. वाणी त्यांना 'साहेब' म्हणे, आणि ते म्हणताना शब्दात जितकी माती कालवता येईल तितकी कालवे.

त्यांची एक पद्धत होती. कुठलाही काटा दुरुस्त केला की त्यावर ओळखीचा भार ठेवायचा, मागे सरायचं, आणि जवळ जे कोणी असेल त्याला विचारायचं, "बरोबर?" त्या माणसाने काटा बघून "बरोबर" म्हणायचं. मग काम संपलं. स्वतः तपासलेला काटा दुसऱ्याने बरोबर म्हटल्याशिवाय बरोबर होत नाही, असं त्यांचं मत होतं. आता मोठ्या काट्यांसाठी ओळखीचा भार कुठून आणायचा? त्यांना लेक होती. लहानपणी रविवारी सकाळी ते तिला घरच्या काट्यावर उभं करून अचूक तोलत, आणि मग आठवडाभर गावातल्या कोळशाच्या वखारीपासून दवाखान्यापर्यंत ज्या काट्यावर म्हणून माणूस उभा राहू शकतो त्या प्रत्येकावर तिला उभं करत. तिच्या मैत्रिणींना आपापल्या वडिलांनी बाहुल्या आणल्या होत्या. हिला वडिलांनी प्रमाण वजन केलं होतं.

काट्याकडे बघून ते विचारत, "बरोबर?" आणि ती उत्तर न देता खाली उतरे. एकदाही तिने तो शब्द म्हटला नाही. वखारवाला म्हणे, दवाखान्यातली नर्स म्हणे, ती नाही. पुढे मोठी झाल्यावर विचारणं थांबलं, पण महिन्यातून एकदा घरच्या काट्यावर उभं राहायची सवय मात्र राहून गेली. आता ती जाणत्या वयाची, पुस्तकांत बुडालेली बाई होती आणि स्वतःचं वजन इतर बायकांपेक्षा फारच नेमकं जाणून होती, एवढंच काय ते त्या बालपणाचं फळ.

तर बाबा शाळेत गेले ते मुलांना दशांश शिकवायला. फुकट. मोठ्या बाईंना आनंद झाला, कारण गणिताच्या मास्तरांची जागा मंदीत गोठवली होती. बाबांनी दशांश शिकवायला म्हणून एका मुलीला काट्यावर उभं केलं. शिंप्याची धाकटी होती ती. सगळे तिला चिमणी म्हणत. बाबांनी दांडीकडे पाहिलं. मग चिमणीकडे पाहिलं. मग पुन्हा दांडीकडे.

"हा काटा खोटं बोलतोय," ते म्हणाले.

मोठ्या बाईंनी खिडकीतून बाहेर बघितलं. "काका, जुना आहे तो. राहू द्या बिचाऱ्याला."

बिचारा हा शब्द काट्याला लावलेला बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मधल्या सुटीत त्यांनी पिशवी उघडली. गंज खरवडला, दांडी ज्या धारेवर तोलते ती धार घासली, पाटाखालून ढिगाने धूळ काढली, शून्याचा स्क्रू जागेवर आणला. मग शाळेच्या शिपायाला विचारलं, "बरोबर?" शिपाई म्हणाला, "बरोबर, साहेब." त्या शिपायाची मुलगी त्याच शाळेत दूध पीत होती.

दोन दिवसांनी वजनं झाली. अख्खी शाळा एका आठवड्यात फोफावली होती.

कागद वर गेले. पोषण खात्यात ते आकडे ज्या टेबलावर पोहोचले, तिथे बऱ्याच दिवसांत चांगली बातमी आलेली नव्हती. एवढ्या थोड्या काळात एवढी मुलं रेषेच्या वर? खात्याने शाळेला 'आदर्श पोषण शाळा' जाहीर केलं. समारंभ झाला. एक साहेब आले, त्यांनी मंदीवर खात्याने कशी मात केली ते सांगितलं. शाळेला काचेच्या चौकटीतलं प्रशस्तिपत्रक मिळालं. बाबांना मंचावर कोपऱ्यातली खुर्ची मिळाली, कारण शाळेचे मानद शिक्षक म्हणून मोठ्या बाईंना कोणाला तरी बसवायचं होतं. ते घरून कोट घालून गेले होते. तो कोट उलटा करून शिवलेला आहे हे शिंप्याखेरीज कोणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दूध बंद झालं. मुलं रेषेच्या वर होती. आणि ती तिथे पोहोचल्याचं प्रमाणपत्र भिंतीवर होतं.

बाबा घरी आले. "हे बरोबर झालं नाही," चपला काढताना ते म्हणाले. मग लगेच, "पण काटा बरोबर आहे."

लेकीने पुस्तक मिटलं. "काटा बरोबर आहे म्हणूनच हे झालं ना, बाबा?"

"वस्तुस्थिती आणि परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"चिमणीला सांगा तसं."

एक लक्षात घ्यायला हवं. त्या शाळेतली निम्मी मुलं अक्षरांसाठी येत नव्हती, पेल्यासाठी येत होती, आणि अक्षरं त्यांना पेल्याबरोबर चिकटत होती. पेला गेला तशी मुलं गेली. कोणी भावंडं सांभाळायला घरी राहिलं, कोणी बापाबरोबर वखारीत कोळसा वेचायला. वर्गात बाकं दिसू लागली. आणि हजेरी अमुक एका आकड्याच्या खाली गेली की ती शाळा दूरच्या मोठ्या शाळेत विलीन करायची, असाही एक नियम मंदीत निघाला होता. आदर्श शाळेला विलीनीकरणाची नोटीस आली. मोठ्या बाईंनी ती प्रशस्तिपत्रकाच्या चौकटीच्या मागे खोचून ठेवली; दुसरीकडे कुठे ठेवायला त्यांचं मन झालं नाही.

गल्ली बाबांशी बोलेनाशी झाली. एक वाणी मात्र भरभरून बोलायला लागला. "या साहेब, या. काटा बघून घ्या आधी. मुलांचा बघितलात, आमचाही बघा." बाबा साखर न घेता परत आले. त्यांनी घरी येऊन सांगितलं, की वाण्याकडे गर्दी होती.

त्यांच्या मनाने मात्र घेतलं, की ज्याने गाठ मारली त्यानेच ती सोडवायची. ते पोषण खात्याच्या कचेरीत गेले. लेकीचं वाचनालय त्या दिवशी बंद होतं, म्हणून तीही बरोबर गेली. म्हणजे त्यांच्यावर लक्ष ठेवायला. पण रस्त्यात त्यांनीच तिची पिशवी धरली होती.

कारकून तरुण होता आणि त्याच्या टेबलाचा एक पाय तुटल्यामुळे तो गुडघ्याने टेबल तोलून धरत लिहीत होता. बाबांचं लक्ष सारखं त्या टेबलाकडे जात होतं.

"म्हणजे तुमचं म्हणणं," कारकून म्हणाला, "मुलांची वजनं वाढलेलीच नाहीत."

"वाढलीयत. पण हळूहळू. तुम्हाला वाटतं तशी एका आठवड्यात नाही. आधीचा काटा कमी दाखवत होता."

"म्हणजे आधीचे आकडे खोटे?"

"खोटे नव्हे. चुकीचे."

"मग आधीचं दूध गैरवाजवी दिलं गेलं." कारकुनाने कागद ओढला. "ते वसूल करावं लागेल."

"ते मुलांनी प्यायलं," लेक म्हणाली.

"बाई, मी पिण्याबद्दल बोलतच नाहीये. मी वसुलीबद्दल बोलतोय."

बाबांनी विचार केला. "आणि समजा आताचा काटा चूक असला, तर?"

"तर दूध पुन्हा सुरू होईल. पण तसा दाखला वजनमापे खात्याने द्यायला हवा."

हे ऐकून बाबांचा चेहरा उजळला, आणि लेकीला कळलं की आता आणखी काहीतरी होणार. वजनमापे खातं म्हणजे त्यांचं माहेर. तिथून निरीक्षक येईल, खरं काय ते बघेल. खरं काय आहे हे बाबांना ठाऊक होतं. खरं हेच की काटा अचूक आहे. तरीही ते खूश होते. त्यांना वाटत होतं, की योग्य खात्यात, योग्य माणसापुढे गेलं की गोष्टी आपोआप सुटतात. आयुष्यभर ते स्वतःच तो योग्य माणूस होते, हा त्यांचा दोष नव्हे.

निरीक्षक आला तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला निघाला. शाळेत शिरल्याशिरल्या त्याने वाकून बाबांची हत्यारांची पिशवी आपल्या हातात घेतली.

"सर, तुम्ही असताना मला बोलवायचं म्हणजे..."

"तू तपास. माझा मुलाहिजा ठेवू नकोस."

त्याने ठेवला नाही. तासभर तपासला. घाम पुसत उठला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "सर, असा काटा मी नोकरीत पाहिला नाही. केसाचाही फरक नाही." आणि त्याने शून्याच्या स्क्रूवर शिशाचं सरकारी सील ठोकलं, म्हणजे गुरूच्या हाताला यापुढे कोणी हात लावू नये. मोठ्या बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. हल्ली त्या बराच वेळ तिकडेच बघत.

शिवाय बाबांच्या अर्जाने खातं जागं झालं होतं. खात्याने परिपत्रक काढलं: यापुढे प्रत्येक वजनाच्या दिवशी काटा आधी ज्ञात वजनाने तपासावा. पण प्रमाण वजनं विकत घ्यायला मंदीत तरतूद नव्हती, म्हणून खाली ओळ जोडली: ज्ञात वजन उपलब्ध नसल्यास ज्ञात वजनाची व्यक्ती चालेल. बाबांनी ते परिपत्रक दोनदा वाचलं. चांगलं लिहिलंय, म्हणाले.

शेवटची संधी म्हणून खात्याने फेरवजनाचा दिवस दिला. त्या दिवशी जी मुलं रेषेखाली भरतील त्यांचं दूध सुरू, आणि दूध सुरू झालं तर शाळाही राहील. गल्लीत सल्ल्यांची लाट आली. शिंप्याने सगळ्या मुलांना मलमलीचे सदरे शिवून द्यायची तयारी दाखवली, लोकरीपेक्षा हलके. त्याची बायको म्हणाली, केस कापून घ्या, मुलींचेही. वखारवाल्याने सांगितलं, आदल्या दिवशी मैदानाला फेऱ्या मारायला लावा. कट्ट्यावरच्या एकाने मुलांना श्वास सोडून उभं राहायला शिकवलं, कारण हवेलाही वजन असतं. त्यावर कट्ट्यावर दोन तट पडले आणि कारखाना बंद पडल्यापासून पहिल्यांदा तिथे जोरदार चर्चा झाली.

बाबा म्हणाले, "हे सगळं काही ग्रॅमचं काम आहे. उपयोग नाही."

त्यांना हे माहीत होतं. इतरांनाही माहीत होतं. म्हणून काही घरांनी न बोलता दुसरा उपाय केला.

फेरवजनाच्या आधी बाबांनी शाळेत सराव ठेवला होता. मुलांनी रांगेत कसं उभं राहायचं, काट्यावर हलायचं नाही वगैरे. लेकही गेली होती, कारण बाबांना चष्म्याशिवाय दांडीवरचे आकडे दिसत नसत आणि चष्मा ते घरी विसरत. चिमणी काट्यावर चढली. रेषेच्या जरा खाली भरली. बाबांना आनंद झाला. "बघ, बघ. आपोआप..." आणि ते थांबले. चिमणी काट्यावर उभ्याउभ्या डुलत होती. तिने डोळे मिटले होते.

"काय गं, झोप झाली नाही का?"

"झाली."

"मग?"

"आई म्हणाली, सरावालाही वजन होईपर्यंत खायचं नाही." ती अभिमानाने सांगत होती. "मी कालपासून काहीच खाल्लं नाही. पाणी पण नाही. दादाने चोरून खाल्लं."

दूध मिळावं म्हणून मुलांना उपाशी ठेवलं होतं. योजनेत असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण तिचा हिशोब नीट केला तर तो तिथेच येऊन थांबत होता.

बाबांनी तिला उचलून खाली उतरवलं. खिशात चुरगळलेलं बिस्किट होतं ते तिला दिलं. ते तिने पाठीमागे लपवलं. "वजन झाल्यावर खाईन."

घरी येताना बाबा लेकीला म्हणाले, "मी काटा दुरुस्त केला."

"हो."

"तो दुरुस्तच आहे."

त्यांनी तिच्याकडे बघितलं, म्हणजे विचारलंच. ती समोर बघून चालत राहिली. तिला त्या क्षणी त्यांचा राग आलेला नव्हता, दयाही आलेली नव्हती. आपण काय म्हणावं हे तिला खरोखरच सुचलं नाही. आयुष्यभर इतकी पुस्तकं वाचूनही.

दुसऱ्या दिवशी चहात साखर कमी होती, आणि ते पिशवी घेऊन शाळेत गेले.

त्याच रात्री ते झोपेत गेले. त्यानंतरच्या दिवसांत बरीच माणसं येऊन गेली. गल्ली पुन्हा बोलू लागली होती. मेलेल्या माणसाशी अबोला धरणं कोणालाच जमत नाही. शिंप्याची बायको रोज डबा आणून ठेवी. जुने सहकारी आले, तो शिष्य आला, त्याने कोपऱ्यातल्या हत्यारांच्या पिशवीकडे बघितलं आणि बसून राहिला. सगळ्यात शेवटी वाणी आला. तो खुर्चीवर बसला नाही.

"ताई, साहेब गेले त्याच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आले होते."

"साखर घ्यायला?"

"नाही. मेण आहे का, विचारत होते." वाण्याने हातातली टोपी फिरवली. "मला वाटलं धाड आहे. मी म्हटलं, साहेब, आता नाही ठेवत मी मेण, आईशप्पथ. तर म्हणाले, 'नसेल तर पंचाईत झाली. थोडं पाहिजे होतं.' मग मी आतून आणून दिलं. कसं लावायचं ते विचारलं त्यांनी. जन्मभर आमचं काढून टाकत आले, पण लावायचं कधी ठाऊक नव्हतं. मी दाखवलं." त्याने टोपी खिशात ठेवली. "पैसे देत होते. मी घेतले नाहीत. माझा काटाही बघितला नाही त्यांनी, ताई. मान वर करून बघितलासुद्धा नाही."

वाणी गेल्यावर लेकीने दार लावलं. मेण कशाला, हे तिला कळलं नाही. किंवा कळलं, पण ते बाबांच्या नावाशी जोडायला मन तयार होईना. हा माणूस बसमध्ये तिकिटाचे पैसे वाहकाने चुकून जास्त परत दिले, तर पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत जाणारा. आणि मेण.

फेरवजनाच्या दिवशी मोठ्या बाई स्वतः दारात आल्या. "काका असते तर आलेच असते. तुम्ही याल का? त्यांच्या घरचं कोणी असलं म्हणजे..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. लेकीने त्या सकाळी घरच्या काट्यावर उभं राहून पाहिलं होतं. महिन्यातून एकदा उभं राहायचा दिवस होता, दुसरं कारण नव्हतं. तिचं वजन किंचित उतरलं होतं. किती, ते तिला नेमकं माहीत होतं.

शाळेच्या व्हरांड्यात मुलं रांगेत उभी होती. भिंतीला टेकून आया होत्या. चिमणी रांगेत पहिली होती आणि आदल्या दिवसापासून पुन्हा उपाशी राहून तिचे ओठ सुकले होते. खात्याचा अधिकारी मंचावर बसणाऱ्या साहेबांपैकी नव्हता. साधा, पोट सुटलेला, घाईत असलेला माणूस होता. त्याने आधी स्क्रूवरचं सील पाहिलं. शाबूत होतं. मग पिशवीतून परिपत्रक काढून वाचलं.

"ज्ञात वजन?"

"नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मग ज्ञात वजनाची व्यक्ती?"

व्हरांड्यातल्या सगळ्या माना एकदम लेकीकडे वळल्या. गावात तिच्यापेक्षा ज्ञात वजनाचं कोणी नव्हतं. वखारवाला तर म्हणालाही, "हिला आम्ही लहानपणापासून तोलत आलोय, साहेब. हिच्या बापाने शेकडो काटे हिच्यावर पास केलेत."

"ठीक. उभ्या राहा, बाई."

चपला काढायला ती वाकली. दांडीच्या टोकाच्या खालच्या बाजूला, वरून बघणाऱ्याला दिसणार नाही अशा जागी, पिवळ्या मेणाचा एक गोळा चिकटवलेला होता. नवशिक्याचं काम होतं. वाण्याने लावला असता तर इतका बोजड दिसला नसता. पक्का बसावा म्हणून जोराने दाबलेला. त्यावर अंगठ्याचा ठसा होता.

ती पाटावर चढली.

अधिकाऱ्याने दांडी अडकवणारी खिट्टी सोडली आणि दांडीवरचं वजन सरकवत नेलं. दांडी हलली, वर गेली, खाली आली, स्थिरावली. तिने आकडा वाचला. सकाळच्या आकड्यापेक्षा तो चांगलाच कमी होता. थोडाथोडका नव्हे, दूध प्यायलेल्या मुलाला रेषेच्या खाली आणून ठेवण्याइतका कमी. त्यापेक्षा जास्त एक ग्रॅमही नाही. तेवढं त्यांनी नीट मोजून केलं होतं.

चिमणी तोंड उघडून दांडीकडे बघत होती. मोठ्या बाईंनी पहिल्यांदाच नजर दुसरीकडे वळवली नव्हती. वाणी केव्हा येऊन दाराशी उभा राहिला होता कोणास ठाऊक.

अधिकाऱ्याने पेन काढलं. काटा बरोबर की नाही, हे परिपत्रकाप्रमाणे त्या व्यक्तीनेच सांगायला हवं होतं.

"बरोबर?" त्याने विचारलं.

लहानपणी या प्रश्नानंतर ती ज्या वेगाने खाली उतरायची, तो वेग पायांना अजून आठवत होता.

"बरोबर," ती म्हणाली.

अधिकारी लिहायला खाली वाकला. चिमणीच्या आईने पदराआडून डबा काढला आणि त्याचं झाकण उघडून हातात धरून ठेवला. पुढचं मूल चढावं म्हणून मोठ्या बाई हात पुढे करून वाट बघत होत्या. लेक मात्र उतरली नाही. दांडी अजून किंचित थरथरत होती, ती पूर्ण थांबेपर्यंत ती उभी राहिली.

"बरोबर आहे, बाबा."